मदत हवी आहे: सी प्लस प्लसमधून जुनी फोर्ट्रान सबरूटीन कॉल करताना 'अनडिफाइन्ड रेफरन्स' जात नाहीये

नमस्कार मंडळी,

माझं सिव्हिलमध्ये एमटेक चालू आहे, विषय हायड्रॉलॉजी. आमच्याकडे फ्लड राउटिंगचा एक जुना प्रोग्रॅम आहे, फोर्ट्रान ७७ मधला, मस्किंगम पद्धतीचा, म्हणजे नदीवरच्या वरच्या गेजचा (पाणी मोजायच्या ठिकाणचा) हायड्रोग्राफ, म्हणजे वेळेनुसार प्रवाहाचा आलेख, द्यायचा आणि खालच्या गेजला पाणी कधी आणि किती पोचेल ते काढायचं. ज्या सरांनी लिहिला ते रिटायर झाले, पण कोड खऱ्या पुरांच्या डेटावर इतक्या वेळा तपासून झालाय की त्याला हात लावायचा नाही असं गाइडनी बजावलंय आणि मलाही ते पटतं. नवीन प्रोग्रॅम सी प्लस प्लसमध्ये आहे, त्यातून ही सबरूटीन (प्रोग्रॅममधला हाक मारता येणारा तुकडा) आहे तशी कॉल करायचीय, एवढंच.

मशीन उबुंटू २२.०४, कंपायलर जीसीसी ११, फोर्ट्रानसाठी त्यातलाच जीफोर्ट्रान. त्या मशीनला नेट नाही म्हणून फोनवरून टाइप करतेय, कोड पेस्ट करता येणार नाही, शब्दांत सांगते.

सबरूटीनचं नाव मस्क, फाइलमध्ये सगळं कॅपिटलमध्ये. आर्ग्युमेंट्स क्रमाने: एन, एक्सके, एक्स, डीटी, क्यूइन, क्यूआउट आणि शेवटी स्टेशनचं नाव, कॅरेक्टर स्टार २०, म्हणजे २० अक्षरांचं. टाइप कुठेच डिक्लेअर केलेले नाहीत, दोन्ही क्यूंना फक्त डायमेन्शन दिलंय. माझ्याकडचा डेटा डबलच्या व्हेक्टरमध्ये आहे.

आधी तर फोर्ट्रानची फाइलच कंपाइल होईना, 'टाइप मिसमॅच' म्हणून एरर, कारण आत एक वर्क ॲरे आहे तो एकाच मदतनीस रूटीनला एकदा रिअल (दशांश आकडे) म्हणून आणि एकदा इंटिजर (पूर्णांक) म्हणून पाठवलाय. सीनियरच्या जुन्या उबुंटूवर हीच फाइल काही न बोलता कंपाइल होते! 'अलाउ आर्ग्युमेंट मिसमॅच' हा फ्लॅग लावल्यावर माझ्याकडे पण झाली, पण असा फ्लॅग लावणं बरोबर आहे का?

मग लिंक करताना, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडताना, 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू मस्क' (मस्क हे नाव सापडत नाही) आणि पुढे कंसात इंट स्टार, फ्लोट स्टार वगैरे यादी. एक्स्टर्न सी (नाव सी भाषेसारखं साधं ठेव असं कंपायलरला सांगणं) लावलं तर कंसातली यादी गेली पण एरर तसाच. मस्कची ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल झालेला कोड) लिंकला दिलेली आहे, नीट बघितलंय. मग लिंकरला सापडत का नाही? आणि ते स्टेशनचं नाव सी प्लस प्लसमधून कसं द्यायचं? कोणी हे केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा, मला नुसतं चालवायचं नाहीये, समजून घ्यायचंय.

पहिला प्रतिसाद

ताई, आधी फ्लॅगचं. जीसीसी १० पासून, म्हणजे २०२० पासून, हा मिसमॅच एरर धरतात, म्हणून सीनियरकडे चालतं. तो फ्लॅग लावला की एररची नुसती वॉर्निंग होते. वर्क ॲरेसाठी चालेल, रिअल आणि इंटिजर दोन्ही ४ बाइटचे, पण प्रत्येक वॉर्निंग उघडून बघा, त्यात एखादी खरी चूक लपलेली असू शकते.

आता लिंकरचं. एररमध्ये कंसात टाइप दिसले की समजायचं सी प्लस प्लसने नावात आर्ग्युमेंटचे टाइप गुंफलेत, ते एक्स्टर्न सीने गेलं, इथपर्यंत बरोबर. पण जीफोर्ट्रान पण नाव बदलतो, सगळं स्मॉल लेटरमध्ये करतो आणि शेवटी एक अंडरस्कोर लावतो. ऑब्जेक्ट फाइलवर एनएम (आतल्या नावांची यादी दाखवणारी) कमांड चालवा, टी अक्षरापुढे जे नाव दिसेल तेच खरं नाव, यू दिसलं तर ते नाव बाहेरून यायचंय. कुठल्याही लिंक एररला मी आधी एनएम बघतो, अंदाज करत बसत नाही.

एक सांगून ठेवतो, ही अंडरस्कोरची पद्धत जीफोर्ट्रानची आहे, भाषेची नाही. जुना जी७७ तर नावात आधीच अंडरस्कोर असेल तर शेवटी दोन लावायचा, आणि विंडोजवर इंटेलचा कंपायलर कॅपिटल ठेवतो, अंडरस्कोर लावतच नाही.

धागाकर्ती

एनएममध्ये अगदी तसंच दिसलं, स्मॉल लेटर आणि शेवटी अंडरस्कोर! खूप धन्यवाद दादा. मस्क सापडला आता. पण नवीन एरर आलेत, 'जीफोर्ट्रान एसटी राइट' आणि तसलीच बरीच नावं अनडिफाइन्ड, ही तर माझ्या कोडमध्ये कुठेच नाहीत.

दुसरा प्रतिसाद

ती फोर्ट्रानच्या रनटाइम लायब्ररीतली आहेत, कोडमध्ये राइट स्टेटमेंट आहे ना, त्याचं काम ती करतात. जी प्लस प्लसने लिंक करताना लिबजीफोर्ट्रान आपोआप येत नाही, मायनस एल जीफोर्ट्रान द्या, आणि ऑब्जेक्ट फाइल्सच्या नंतर द्या, आधी दिलं तर स्टॅटिक लायब्ररीच्या बाबतीत लिंकरला त्या वेळी त्यातलं काही लागतच नसतं आणि तो पुढे निघून जातो.

पण लिंक झालं म्हणजे बरोबर झालं असं धरू नका. एक्स्टर्न सी लावल्यावर टाइप कोणीच तपासत नाही. टाइप डिक्लेअर नसतील तर फोर्ट्रानमध्ये आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारं नाव इंटिजर, बाकी सगळी रिअल, म्हणून तर मस्किंगमच्या के ला सरांनी एक्सके म्हटलंय, नुसता के इंटिजर झाला असता. आणि रिअल म्हणजे ४ बाइट, तुमचा व्हेक्टर डबलचा, ८ बाइट. डेटा पॉइंटर कास्ट करून दिलात तर एकही एरर येणार नाही आणि १०० क्युमेकच्या (सेकंदाला घनमीटर) जागी फोर्ट्रानला आधी ० आणि पुढच्या घरात ३.३९ दिसेल. पुराच्या कामात असं झालं तर केवढं महागात पडेल! कास्ट करू नका, फ्लोटच्या व्हेक्टरमध्ये एकेक आकडा कॉपी करा. एन, एक्सके, एक्स, डीटी यांचेही पॉइंटरच द्यायचे, फोर्ट्रान ७७ पत्ताच घेतो.

स्टेशनच्या नावाला शेवटी शून्य लागत नाही, २० अक्षरं भरेपर्यंत स्पेस टाका. आणि प्रत्येक कॅरेक्टर आर्ग्युमेंटमागे जीफोर्ट्रान एक लपलेलं आर्ग्युमेंट धरतो, लांबीचं, यादीच्या अगदी शेवटी, पॉइंटर नाही तर सरळ किंमत. जीसीसी ७ पर्यंत ते इंट होतं, ८ पासून साइझ टी. ते न देताही बऱ्याचदा चालतं आणि धोका तिथेच आहे, लॅपॅकच्या (फोर्ट्रानमधली गणिताची जुनी लायब्ररी) रूटीन्स सीमधून लांबी न देता कॉल करायची सवय किती वर्षं चालली आणि २०१९ मध्ये नवीन जीफोर्ट्रानच्या ऑप्टिमायझेशनमुळे आर भाषेच्या पॅकेजेसमध्ये क्रॅश यायला लागले.

माझं ठाम मत, हे सगळं हाताने करू नका. फोर्ट्रान २००३ मध्ये याचसाठी आयएसओ सी बाइंडिंग (सी भाषेशी जोडायची अधिकृत सोय) आणलंय. एक नवीन छोटी फाइल करा, त्यात बाइंड सी लावलेली सबरूटीन, सी फ्लोट आणि सी इंट टाइप, आणि आतून मस्क कॉल. सरांची फाइल आहे तशी राहते, नाव तुम्ही ठरवाल तेच राहतं, लपलेली लांबी फोर्ट्रान स्वतः देतो. नव्या जीफोर्ट्रानला 'एफ सी प्रोटोटाइप्स' फ्लॅग दिला तर हेडरसाठी लागणारं डिक्लेरेशनही छापून देतो.

धागाकर्ती

रॅपर, म्हणजे ती मधली छोटी फाइल, केलं, चाललं! खरंच मनापासून आभार. जुन्या पुराचा तोच इनफ्लो दिला आणि सरांच्या जुन्या आउटपुटशी सगळे आकडे जुळले, शिवाय मस्किंगमच्या समीकरणातले गुणांक सी शून्य, सी एक, सी दोन यांची बेरीज १ येतेय. फक्त फोर्ट्रानच्या राइटने छापलेलं आणि सी प्लस प्लसच्या सीआउटने छापलेलं स्क्रीनवर मागेपुढे होतंय.

शेवटचा प्रश्न, नदीचे बरेच रीच (दोन गेजमधले टप्पे) आहेत, ते ओपनएमपीने (एकाच प्रोग्रॅमचे अनेक थ्रेड चालवायची पद्धत) एकाच वेळी चालवू का? मस्कमध्ये एक कॉमन ब्लॉक (अनेक रूटीन्सनी मिळून वापरायची सामायिक जागा) आहे.

पहिला प्रतिसाद

छापण्याचं, दोघांचे बफर (छापण्याआधी मजकूर साठवायची जागा) वेगळे असतात, कॉलच्या आधी सीआउट फ्लश करा, म्हणजे साठलेलं लगेच छापायला लावा, आणि रॅपरमध्ये मस्कच्या कॉलनंतर फ्लश टाका.

ओपनएमपी नको. कॉमन ब्लॉक सगळ्या थ्रेड्समध्ये एकच असतो, एका रीचचे आकडे दुसऱ्यात जातील आणि एररही येणार नाही. थ्रेडप्रायव्हेट करता येतं पण त्यासाठी सरांची फाइल बदलावी लागेल. प्रत्येक रीचसाठी वेगळी प्रोसेस चालवा, प्रत्येकीचा कॉमन ब्लॉक आपला आपला राहतो. खालच्या रीचला वरच्याचा आउटफ्लो लागतो, तेवढा क्रम मात्र सांभाळा, उपनद्या तेवढ्या एकाच वेळी चालतील.