बाथरूमलगतच्या भिंतीला ओल: पुट्टी स्वतः मारू का?

नवखा_रंगारी: डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. बेडरूमची एक भिंत बाथरूमला लागून. खालून दोनेक फूट रंगाचे पोपडे निघतायत, पांढरी भुकटी पडते. खरवडून पुट्टी मारून गणपतीच्या आत रंग उरकायचा बेत आहे. जमेल?

थापीवाली_मावशी: जमेल, पण गणपतीआधी नको रे बाबा. पावसाळ्यात भिंत वाळतच नाही, दिवाळी गाठ. ती भुकटी म्हणजे भिंतीतून बाहेर आलेला खार, म्हणजे क्षार. कोरड्या ब्रशने झाड. ओल्या फडक्याने पुसलास तर विरघळून परत भिंतीत जिरेल. आधी बाथरूममधल्या टाइल्सच्या सांधी बघ, विशेषतः नळाखालच्या. भुसभुशीत ग्राउट (सांधीत भरलेला मसाला) कोरून इपॉक्सी ग्राउट भर. ते लवकर घट्ट होतं, म्हणून थोडं थोडंच कालव. आणि ओलीच्या भिंतीला प्लास्टर ऑफ पॅरिस? दुकानदार कितीही म्हणू दे, नाही म्हणजे नाही.

नवखा_रंगारी: सांधी ठीक दिसतायत, मावशी. आतला पाइप गळत असेल तर?

थापीवाली_मावशी: मग प्लंबरकडून प्रेशर टेस्ट करून घे, म्हणजे पाइपात दाब देऊन गळती आहे का ते बघतात. तिथे स्वतः छिन्नी चालवू नकोस.

गच्चीवरचा: वरच्या मजल्यावरच्यांनाही विचारा. आमच्याकडे उगम तिथेच निघाला, पुढचं भांडण सोसायटीच्या मीटिंगमध्ये अजून चालू आहे.