जुने सोलर पॅनल घेताना काय मोजायचं? : अनुभव धागा

शेतावरचं घर, गोठा, पोल्ट्रीची शेड, खांबापासून लांब असलेली वस्ती. अशा ठिकाणी दोन-तीन किलोवॉटचं स्वतंत्र सोलर बसवायचं तर जुन्या पॅनलचा विचार आता बरेच जण करतात. मोठे प्रकल्प आणि कारखान्यांची छपरं जास्त वॉटच्या नव्या पॅनलकडे वळली की २५० आणि ३२०-३३५ वॉटचा जुना माल व्यापाऱ्यांकडे येतो. त्यात दहा-पंधरा वर्षं आरामात चालतील असे पॅनल असतात आणि भंगारात जायला हवेत असेही असतात. वरून दोन्ही सारखेच दिसतात.

जाणकारांना विनंती : नुसतं "घ्या" किंवा "घेऊ नका" नको. काय तपासायचं, आकडा किती आला तर ठेवायचं, किती आला तर परत करायचं, ते लिहा.

अनुदानाचं आधीच सांगतो. पीएम सूर्यघर योजनेत (१ किलोवॉटला ३०,००० रुपये, २ ला ६०,०००, ३ आणि त्यापुढे ७८,०००) देशी सेलचे, म्हणजे डीसीआर प्रकारचे नवे पॅनल लागतात. जुन्या पॅनलवर हे अनुदान मिळत नाही. म्हणून इथली चर्चा बॅटरीवर चालणाऱ्या ऑफ-ग्रिड जोडणीपुरती ठेवू.

वायरमन, सांगली

सुरुवात व्होल्टेजपासून करा, पण आकडा कसा वाचायचा ते आधी समजून घ्या. पॅनलच्या मागच्या लेबलवरचे सगळे आकडे २५ अंश तापमानाचे असतात. मे महिन्यात उन्हात ठेवलेल्या पॅनलचे सेल ६० अंशांवर जातात आणि दर अंशाला ओपन सर्किट व्होल्टेज (पॅनलला काहीही न जोडता मोजलेलं) साधारण ०.३१ टक्के उतरतं. म्हणजे लेबलवर ४५.५ व्होल्ट लिहिलेला ३२० वॉटचा ७२ सेलचा पॅनल भर दुपारी ४०-४१ दाखवतो. हा दोष नाही. ४० दिसलं म्हणून माल नाकारू नका आणि ४० दाखवून कोणी भाव उतरवला तर त्यालाही भुलू नका.

घाबरायचं ते २७ च्या आसपास आकडा आला तर. ७२ सेलच्या पॅनलमध्ये २४-२४ सेलचे तीन भाग असतात आणि प्रत्येक भागाला एक बायपास डायोड, म्हणजे तो भाग अडला तर करंटला बाजूने वाट देणारा पुर्जा. डायोड शॉर्ट झाला की त्याचा अख्खा भाग बाद होतो, व्होल्टेज बरोबर एक तृतीयांश कमी. जंक्शन बॉक्स (पाठीवरची वायरींची डबी) उघडता येत असेल तर डायोड बदलता येतो. आत रबरासारखा मसाला भरलेला असेल तर नाद सोडा.

डायोड उलट प्रकारेही जातो, म्हणजे ओपन होतो. तेव्हा व्होल्टेज पूर्ण दिसतं आणि दोष लपून राहतो. त्यासाठी पॅनल शॉर्ट करून (प्लस-मायनस वायरी एकमेकींना जोडून) क्लॅम्प मीटरवर (वायरीभोवती अडकवायचा मीटर) करंट बघत प्रत्येक भागातला एक सेल पुठ्ठ्याने पूर्ण झाका. डायोड चांगला असेल तर करंट जवळपास तेवढाच राहतो. धाडकन खाली आला तर त्या भागाचा डायोड ओपन आहे. पुठ्ठा दोन-तीन सेकंदांत काढा, कारण डायोड नसताना झाकलेला सेल भाजतो.

क्लॅम्प मीटर डीसी करंट मोजणाराच हवा. बाजारातले बरेच स्वस्त क्लॅम्प फक्त एसी मोजतात. साध्या मल्टिमीटरच्या १० अँपिअरच्या भोकातून ३२० वॉटचा पॅनल कसाबसा मोजला जाईल. ५४० वॉटचा लावला तर १३-१४ अँपिअर येऊन मीटरचा फ्यूज उडेल.

डिप्लोमा इलेक्ट्रिकल, अहिल्यानगर

वायरमन दादांच्या मुद्द्यापुढचा टप्पा लिहितो. व्होल्टेज आणि शॉर्ट करंट दोन्ही चांगले येऊनही लोड दिल्यावर पॅनल कमी पडू शकतो. आतली सोल्डरिंग सुटली, रेझिस्टन्स वाढला, की हे होतं. म्हणून लोड देऊन बघणं आवश्यक.

लोड म्हणून २००० वॉटच्या शेगडीची कॉइल घ्या. २३० व्होल्टवर तिचा रेझिस्टन्स साधारण २६.५ ओहम असतो. लांबीने तिचा सहावा हिस्सा कापला की ४.४ ओहम मिळतात, आणि ३२० वॉटच्या पॅनलला जवळपास एवढाच लोड हवा असतो. कॉइल मुळात ८-९ अँपिअरसाठीच बनवलेली असल्याने जळत नाही, पण लाल होते. विटेवर किंवा शेगडीच्या मातीच्या पाटावर ठेवा.

ऊन किती आहे हे कळल्याशिवाय वॉटचा आकडा निरर्थक. महागडं मीटर नको. २० वॉटचा एक नवा पॅनल जवळ ठेवा आणि तपासायच्या पॅनलशेजारी त्याच कोनात मांडा. त्याच्या लेबलवर शॉर्ट करंट १.२५ अँपिअर आणि मीटरवर १.०६ आला तर ऊन ८५ टक्के आहे. पॅनलच्या पाठीचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घ्या.

हिशेब असा. ऊन ०.८५, सेल ६० अंश. २५ च्या वर ३५ अंश गुणिले ०.४१ टक्के, म्हणजे तापमानाने सुमारे १४ टक्के घट, उरले ०.८६. दोन्हींचा गुणाकार ०.७३. नवा ३२० वॉटचा पॅनल या क्षणी २३३ वॉट देईल. तुमच्या पॅनलवर कॉइल लावून ३०.३ व्होल्ट आणि ६.८८ अँपिअर आले, म्हणजे २०८ वॉट. २०८ भागिले ०.७३, सुमारे २८५. हा पॅनल तुम्ही २८५ वॉटचा म्हणून विकत घ्यायचा, ३२० चा नाही.

आठ-दहा वर्षांच्या पॅनलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत घट मी धरूनच चालतो. २० टक्क्यांच्या पुढे गेला तर फुकट मिळाला तरी स्ट्रक्चरची (पॅनल बसवायच्या सांगाड्याची) जागा अडवतो.

एक गोष्ट जपून. चालू लोड उन्हात ओढून तोडू नका. डीसीचा आर्क (ठिणगी) सहज विझत नाही, एमसी-फोर कनेक्टर (पॅनलच्या वायरींचा जोड) वितळतो, हात भाजतो. आधी पॅनलवर जाड घोंगडं टाका, मग जोडणी सोडा.

सिंधुदुर्ग, समुद्राजवळचं काम

आमच्याकडे मीटरच्या आधी पाठ बघायची. पॅनल उलटा करा आणि मागच्या पांढऱ्या शीटवर बोट घासा. बोटाला खडूसारखी पूड लागली तर शीट झिजायला लागली आहे. कोरड्या भागात असा पॅनल अजून चालेल, कोकणात घेऊ नका. दोन सेलच्या मधल्या रेषेत उभ्या-आडव्या भेगा दिसल्या तर कुठेच घेऊ नका. तिथून पाणी आत जातं आणि पहिल्या पावसात फ्रेमला करंट येतो.

खात्रीसाठी मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजणारा मीटर. पॅनलच्या प्लस आणि मायनस वायरी एकत्र जोडून मेगरच्या एका टोकाला, दुसरं टोक फ्रेमला. फ्रेमवरचा ॲनोडायझिंगचा थर करंट अडवतो, त्यामुळे अर्थिंगच्या भोकाशी जरा खरवडून तिथे चिमटा लावा. मग पाठीवर आणि जंक्शन बॉक्सच्या कडेने पाणी मारून ५०० व्होल्टवर बघा. पॅनलचं क्षेत्रफळ गुणिले मेगाओहम ४० च्या वर यायला हवं. ३२० वॉटचा पॅनल १.९४ चौरस मीटर भरतो, म्हणजे किमान २१ मेगाओहम. कोरडा असताना शंभरावर आणि ओला केल्यावर दोन-चारवर येणारे पॅनल निघतात. विक्रेता ओलं करून बघायला नको म्हणाला तर तिथेच समजा.

पुन्हा सांगली

सिंधुदुर्गकरांना पूर्ण दुजोरा. त्यात काचेकडून बघायच्या खुणा जोडतो. सेलवर गोगलगाय फिरल्यासारख्या करड्या रेषा दिसल्या तर खाली बारीक तडा असतो. नुसत्या रेषांनी वॉट फारसे जात नाहीत, कॉइलचा आकडा चांगला असेल तर भाव पाडून घ्या. पांढरट फुगवटा, म्हणजे काच आणि सेल सुटलेले, तो कडेपर्यंत गेला असेल तर नको. चंदेरी पट्टीवर तपकिरी करपलेला डाग असेल तर अजिबात नको. तो सांधा तापतो आणि एक दिवस पाठीला भोक पाडतो.

सोलर प्रकल्पात देखभाल, धुळे

मोठ्या प्रकल्पातून निघालेल्या मालात एक जास्तीचा दोष असतो, तो छोट्या छपरावरच्या पॅनलमध्ये सहसा नसतो : पीआयडी. शेकडो व्होल्टच्या स्ट्रिंगमध्ये (सिरीजमध्ये जोडलेल्या पॅनलच्या माळेत) मायनस टोकाकडचे पॅनल वर्षानुवर्षं फ्रेमच्या तुलनेत उणे व्होल्टेजवर राहतात. त्याने सेलमधून आतल्या आत गळती सुरू होते. भर उन्हात हे फारसं दिसत नाही. सकाळी कोवळ्या उन्हात व्होल्टेज मोजा. चांगला पॅनल तेव्हाही लेबलच्या जवळपास व्होल्टेज देतो, पीआयडी झालेला बराच खाली राहतो. व्यापाऱ्याकडे म्हणून सकाळी लवकर जावं.

बिनफ्रेमचे, दोन्ही बाजूंनी काच असलेले काळेभोर छोटे पॅनल "जर्मन", "अमेरिकन" म्हणून दाखवले जातात. ते बहुधा थिन-फिल्मचे, म्हणजे काचेवर पातळ थर दिलेले. एकेकाचं व्होल्टेज ६० ते ९० आणि करंट एक-दोन अँपिअर, त्यामुळे साध्या चार्ज कंट्रोलरला (पॅनलवरून बॅटरी भरणाऱ्या यंत्राला) ते जमत नाहीत. त्यातल्या एका प्रकारात कॅडमियम असतं. काच तडकलेला असला पॅनल घरी आणू नका.

बॅटरी-इन्व्हर्टरचं काम, लातूर

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथे : २५० वॉटचा ६० सेलचा स्वस्त पॅनल आणि पीडब्ल्यूएम (साध्या प्रकारचा) कंट्रोलर. ६० सेलचा पॅनल लोडवर ३० व्होल्ट देतो, तापल्यावर २६. २४ व्होल्टच्या ट्युब्युलर बॅटऱ्या भरायला २८.८ लागतात. म्हणजे उन्हाळ्यात बॅटरी कधी पूर्ण भरतच नाही, प्लेटांवर सल्फेट चढतं आणि दोष बॅटरीला दिला जातो. तोच पॅनल १२ व्होल्टवर लावला तर बॅटरी भरते, पण पॅनलची निम्मी ताकद फुकट जाते, कारण पीडब्ल्यूएम व्होल्टेज खाली ओढतो, करंट वाढवत नाही.

तेव्हा ६० सेलचे घेतलेत तर एमपीपीटी कंट्रोलर (जास्तीचं व्होल्टेज करंटमध्ये बदलणारा) घ्याच, आणि २४ व्होल्टसाठी दोन-दोन पॅनल सिरीजमध्ये लावा. पीडब्ल्यूएमच ठेवायचा असेल तर २४ ला ७२ सेलचे आणि १२ ला ३६ सेलचे. सेल मोजायला वेळ लागत नाही : ६ गुणिले १०, ६ गुणिले १२.

निफाडहून

एमपीपीटी घेणाऱ्यांसाठी उलट बाजू. थंडीत व्होल्टेज वाढतं आणि आमच्याकडे जानेवारीत पहाटे पारा ५ च्या खाली जातो. कमाल १५० व्होल्ट झेपणाऱ्या कंट्रोलरवर ३२० वॉटचे तीन पॅनल सिरीजमध्ये : ४५.५ गुणिले ३, १३६.५. पाच अंशांना त्यात सहा टक्के वाढ, १४५. बसतं, पण काठावर. ५४० वॉटचे तीन लावले तर ४९.५ गुणिले ३, १४८.५, आणि थंडीत १५६. कंट्रोलर पहिल्याच थंडीत जातो आणि जास्त व्होल्टेजने गेलेला माल वॉरंटीत घेत नाहीत. ५४० चे दोनच.

जुन्या मालात वेगवेगळे पॅनल एकत्र येतातच. सिरीजमध्ये करंट जुळवा, पॅरलेलमध्ये व्होल्टेज जुळवा. प्रत्येकाचा शॉर्ट करंट एकाच दुपारी मोजून खडूने पाठीवर लिहा आणि जवळजवळच्या आकड्यांचे गट पाडा. एक मरगळलेला पॅनल सिरीजमधल्या बाकीच्यांनाही आपल्या करंटवर आणतो. तीन किंवा जास्त स्ट्रिंग पॅरलेल असतील तर प्रत्येकीला डीसीचा फ्यूज. किती अँपिअरचा, ते पॅनलच्या लेबलवर असतं, जुन्यांवर बहुधा १५.

वायर ४ स्क्वेअर एमएमची असेल आणि पॅनल ३० मीटर लांब असतील तर जाऊन-येऊन ६० मीटरचा रेझिस्टन्स ०.३ ओहम. ९ अँपिअरला २.७ व्होल्ट गेले. एकट्या पॅनलच्या ३६ व्होल्टमधून हे साडेसात टक्के, तिघांच्या सिरीजच्या ११० मधून अडीच टक्के. म्हणूनच लांब अंतराला सिरीज.

सोलापूर

कागदांबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून. शेतातून पॅनल चोरीला जातात आणि तेच "जुना माल" म्हणून फिरतात. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. सिरीयल नंबर लेबलवर असतो आणि काचेच्या आतही बारकोडसह असतो. लेबल खरवडलेलं असलं तरी आतला नंबर काढता येत नाही. दोन्ही जुळतात का बघा, बिलावर प्रत्येक नंबर लिहून घ्या, आणि मूळ मालकाचं विक्रीपत्र किंवा लिलावाचा कागद मागा. सौर कृषी पंप योजनेचे पॅनल कोणी विकत असेल तर हात लावू नका. ते विकायची लाभार्थ्याला परवानगी नसते.

गाडीवाले, पुणे–बीड

पॅनल आडवे रचू नका, लांब कडेवर उभे ठेवा. दोन पॅनलमध्ये चारही कोपऱ्यांना पुठ्ठा, खाली पोती, काचेला काच. दोरी फ्रेमवरून घ्या, काचेवरून आवळू नका. उचलताना वायर धरू नका. काचेवर पाय देऊन चढणारा हमाल दिसला तर तिथेच थांबवा. काच फुटत नाही, आत सेल तडकतात आणि ते वर्षभराने कळतं.

पुन्हा अहिल्यानगर

भावाचं. नेमप्लेटच्या वॉटने भागू नका, मोजलेल्या वॉटने भागा. समजा ३२० चा पॅनल २५०० ला सांगितला आणि २८५ निघाला. वॉटला पावणेनऊ रुपये झाले. त्यात स्ट्रक्चर धरा. समजा चौरस मीटरला ८०० रुपये पडतात. जुन्याला १.९४ मीटर लागतात, म्हणजे वॉटला साडेपाच रुपये. नव्या ५४० ला २.५८ मीटर, वॉटला पावणेचार. एकूण जुना सव्वाचौदाला पडला. नवा पॅनल वॉटला साडेदहा रुपयांना मिळाला असता तर दोघे सारखे झाले असते. शिवाय जुन्याला निर्मात्याची वॉरंटी सहसा लागू होत नाही. वॉटला दोन-तीन रुपये वाचत असतील तर मी नवेच घ्या म्हणतो. सहा-सात रुपये वाचत असतील आणि जागा मोकळी असेल, तर जुने घ्या.

स्ट्रक्चर सांगण्याआधी फ्रेमची जाडी मोजा. जुन्या ४०, ४५, ५० मिलिमीटरच्या असतात आणि हल्लीचे एंड क्लॅम्प (फ्रेम धरून ठेवणारे कडेचे चिमटे) ३०-३५ चे. जुळले नाहीत म्हणून फ्रेमला नवं भोक पाडू नका, मूळ भोकांतून स्टेनलेसचे बोल्ट घाला.

धुळे

तपासणीत बाद झालेले आणि वाटेत फुटलेले पॅनल भंगारवाल्याला देऊ नका. तो ॲल्युमिनियमची फ्रेम काढतो आणि बाकीचं जाळतो किंवा ओढ्यात टाकतो. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सोलर पॅनल येतात, नोंदणीकृत रिसायकलरकडेच द्यायचे. घेतानाच व्यापाऱ्याशी लेखी ठरवा : आपल्या जागेवर मेगरला नापास झालेला पॅनल सात दिवसांत परत घ्यायचा. तोवर काच फुटलेला पॅनल उन्हात ठेवू नका. तो व्होल्टेज देतच असतो. पालथा घालून झाका आणि दोन्ही वायरींच्या टोकांना वेगवेगळी टेप गुंडाळा.