पतीची गिरणी आणि ‘लाडकी बहीण’ योजनेची उत्पन्नमर्यादा

प्रश्न: यजमानांनी नोकरी सोडून घरातच पिठाची गिरणी टाकली आहे. गल्ला महिन्याला साधारण ३०,००० रुपये जमतो. मात्र वीजबिल, पट्टा आणि दगडांना टाकी लावणे यांतच बरेच पैसे जातात. शिधापत्रिका पांढरी असल्याने उत्पन्नाचा दाखला लागेल. वार्षिक २.५ लाखांच्या मर्यादेसाठी गल्ला धरावा की नफा?

उत्तर १: गल्ला म्हणजे उत्पन्न नव्हे, व्यवसायाचा खर्च वजा जाता जे उरते, ते उत्पन्न. मात्र मर्यादा संपूर्ण कुटुंबाची, म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुले यांची मिळून असल्याने तुमची शिवणकामासारखी किरकोळ कमाईही त्यात मिळवावी लागेल. वीजबिले जपून ठेवा आणि रोजचा हिशेब वहीत लिहा, कारण तलाठ्यांनी चौकशी केली तर तोंडी आकडा टिकत नाही.

उत्तर २: केवळ उत्पन्नाकडे पाहू नका. कुटुंबात कोणी आयकरदाता असल्यास किंवा कोणाच्याही नावावर ट्रॅक्टर वगळता चारचाकी असल्यास अर्ज अपात्र ठरतो. पीठ पोहोचवण्यासाठी चारचाकी टेम्पो घेण्याचा विचार असेल, तर योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये जातील, हे आधीच हिशेबात धरा.

प्रश्नकर्ती: टेम्पो नाही, सायकलच आहे. वही आजपासून सुरू करते.