कुस्कोच्या भिंती

स्पेनने अमेरिका खंडात देखण्या वास्तू उभारल्या असं म्हणतात ते खरंच, पण त्या कशावर उभ्या आहेत तेही पाहायला हवं. पेरूतल्या कुस्को शहरात इंकांचं, म्हणजे स्पॅनिश येण्याआधी तिथे राज्य करणाऱ्या लोकांचं, सूर्यमंदिर होतं; त्याचं नाव कोरिकांचा. स्पॅनिशांनी कैद केलेला इंका सम्राट अताहुआल्पा याच्या सुटकेच्या खंडणीसाठी १५३३ मध्ये त्याच्या भिंतींवरचे सोन्याचे पत्रे उचकटून नेले (खंडणी घेऊनही त्याला मारलंच). मग त्याच जोत्यावर स्पॅनिशांनी सांतो दोमिंगोचा ख्रिस्ती मठ बांधला. १९५० च्या भूकंपात मठाची बरीच पडझड झाली आणि आत दडलेल्या इंका भिंती उघड्या पडल्या, त्याही शाबूत! चुना नाही की काही नाही; दगडाला दगड घासून बसवलेला, भिंती आत किंचित कललेल्या, दारं वर निमुळती होत गेलेली. दुरुस्ती करताना त्या पुन्हा झाकून टाकल्या नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं.