मदत हवी आहे: परदेशी माणूस कंपनीत ठेवायचाय, फॉर्म कुठला?

भोसरीवाला:
आमच्या वर्कशॉपवर सीएनसीचा (संगणकावर चालणाऱ्या मशीनचा) एक परदेशी माणूस आलाय. काम एक नंबर. कायमचा ठेवून घ्यायचाय. सीए नुसतं 'बघू बघू' करतोय, एजंट पन्नास हजार मागतोय. फॉर्म कुठला भरायचा एवढंच सांगा, सोमवारपर्यंत हवंय.

तिरकसतात्या:
परदेशी म्हणजे कुठला? नेपाळचा असेल तर व्हिसाच लागत नाही. धागा बंद करा.

भोसरीवाला:
सीएनसी म्हटलं ना तात्या! तैवानचा आहे.

मीनल_एचआर:
आत्ता कुठल्या व्हिसावर आहे?

भोसरीवाला:
आहे की व्हिसा. ऑनलाइन काढलेला, बिझनेसचा.

मीनल_एचआर:
मग घोडं इथंच अडलंय. बिझनेस व्हिसावर तुमच्याकडे नोकरी करता येत नाही. तो इथल्या इथे बदलून एम्प्लॉयमेंट व्हिसाही मिळत नाही. त्याला परत जाऊन तिथून अर्ज करावा लागेल. नेमणूकपत्र, करार आणि कंपनीचे कागद तुम्ही द्यायचे. शिवाय ज्या कामाला इथं भरपूर माणसं मिळतात, त्याला हा व्हिसा देत नाहीत. पगार किती ठरलाय?

भोसरीवाला:
नव्वद हजार. राहायला मोशीतला माझाच फ्लॅट.

मीनल_एचआर:
म्हणजे वर्षाला १०.८० लाख. एम्प्लॉयमेंट व्हिसाला किमान १६.२५ लाख लागतात. फ्लॅटवर उतरवलाय तर परदेशी माणूस राहायला आल्याचा फॉर्म ३ (आधीचा फॉर्म सी) २४ तासांत भरला होता ना?

भोसरीवाला:
फ्लॅट माझा, त्याला कसला फॉर्म?

मीनल_एचआर:
घरमालक म्हणूनच भरायचा असतो!

जर्सीकर:
आमच्याकडे अमेरिकेत एच-१बी (नोकरीचा व्हिसा) वाल्याला कंपनीनं बेंचवर, म्हणजे कामाविना, बसवलं तरी पगार द्यावाच लागतो. भारतात असा कायदा कधी येणार?

तिरकसतात्या:
साहेब, भोसरी न्यू जर्सीत नाही.

खादाड_खन्ना:
आमच्या हॉटेलातला थाई आचारी याहून कमी पगारावर आहे, व्हिसा रीतसर मिळालाय. मीनलताईंची माहिती चुकतेय.

मीनल_एचआर:
चुकत नाही. परदेशी खाद्यपदार्थ करणारे आचारी आणि इंग्रजी सोडून इतर भाषांचे शिक्षक, दुभाषी यांना पगाराची अट नाही.

तिरकसतात्या:
मग दाखवा त्याला चिनीचा दुभाषी!

मीनल_एचआर:
असले सल्ले देऊ नका हो. दुभाषी म्हणून आलेला माणूस मशीनवर सापडला तर गोत्यात मालकही येतो.

पीएफपंडित:
पीएफचं कुणी बोललंच नाही. पटावर माणसं किती?

भोसरीवाला:
३४. पण पगार १५ हजारांच्या वर आहे, त्याला पीएफ कशाला?

पीएफपंडित:
१५ हजारांची मर्यादा परदेशी कामगाराला नाही. ऑक्टोबर २००८ पासून पूर्ण पगारावर १२ टक्के त्याचे, तेवढेच तुमचे. जर्मनी, जपान, कोरियाशी सामाजिक सुरक्षा करार आहे. तिकडच्या कंपनीनं पाठवलेला माणूस तिथलं प्रमाणपत्र दाखवून सुटतो. तैवानशी तसा करार नाही. आणि पैसे साधारण वयाच्या ५८व्या वर्षापर्यंत अडकतात, हे त्याला आधीच सांगा. कर्नाटक उच्च न्यायालयानं २०२४ मध्ये परदेशी कामगारांच्या पीएफची ही खास तरतूदच रद्द केली, पण त्या भरवशावर इथं पीएफ बुडवू नका.

मीनल_एचआर:
आणि नव्या व्हिसावर आला की १४ दिवसांत एफआरआरओची (परदेशी नागरिकांची नोंदणी करणारं सरकारी कार्यालय) ऑनलाइन नोंदणी. व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर.

भोसरीवाला:
एवढं सगळं? मला फक्त फॉर्म विचारायचा होता.

चाकण_टूलरूम:
भोसरीवाले, आमच्या व्हीएमसी मशीनचा टूल चेंजर (हत्यार बदलणारा भाग) सारखा अडकतोय. तुमचा माणूस शनिवारी येऊन बघेल का? पैसे देऊ.

मीनल_एचआर:
नाही!!