माईचं वय काय टाकायचं?

ग्रुप : आपली माणसं, ठाणे

दादा : फ्लेक्सवाला आठ वाजता शटर ओढतो. गेटवरच्या श्रद्धांजलीच्या फलकावर माईचं वय काय टाकू? आधारवर ०१/०६/१९३४ आहे. म्हणजे ९१.

मोठे काका : ९१ कसं? मागच्या दिवाळीत डॉक्टरांना तिनेच ९५ सांगितलं होतं.

ताई : मला फक्त "नव्वदी ओलांडली" एवढंच सांगायची. खोदून विचारलं तर म्हणायची, "का गं, स्थळ बघतेयस माझ्यासाठी?"

मोठे काका : तो १ जून खराच नाही. पूर्वी शाळेत नाव घालताना जन्मतारीख कुणाला ठाऊक नसे. गुरुजी शाळा सुरू व्हायचा दिवस ठोकून द्यायचे. माझ्या वर्गात निम्मी पोरं १ जूनची. माईचं तर वर्षही अंदाजपंचेच असणार.

धाकटी काकू : मी लग्न होऊन आले तेव्हा एकदा विचारलं होतं. माई म्हणाल्या, "गोदी उडाली तेव्हा मी लुगड्यात होते." त्यावरून काढ म्हणाल्या हिशेब आणि उठून गेल्या भाजी परतायला.

ताई : कुठली गोदी?

मोठे काका : मुंबईची. १४ एप्रिल १९४४, शुक्रवार. दुपारचे चार वाजून गेले होते. व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन नावाची बोट उभी होती. दारूगोळा, कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटा, सगळं एकाच बोटीत. कापसाला आग लागली आणि बोट उडाली. लोकांना वाटलं जपान्यांनी बॉम्ब टाकला.

आत्या : थांबा रे, मी टाइप करतेय. कुणी मध्ये बोलू नका.

दादा : आत्या, फ्लेक्सवाला…

आत्या : थांब म्हटलं ना.

आत्या : माई तेव्हा गिरगावात मामाकडे होती. एप्रिल महिना, वाळवणाचे दिवस. मामीनं गच्चीवर धोतरावर कुरडया घातलेल्या आणि माईला काठी देऊन कावळे हाकायला बसवलेलं. पहिला आवाज झाला तशी अख्खी चाळ हलली. ही जी जिन्याकडे पळाली, तर ओचा पायात अडकला आणि दगडी पायरीवर हनुवटी आपटली. तिच्या हनुवटीखाली ती आडवी खूण होती ना, तीच. तुम्ही सगळी लहानपणी तिच्या मांडीवर बसून त्या खुणेवर बोट फिरवायचात. तर रक्त वाहतंय, आणि मामी विचारते काय, "कुरडया झाकल्यास का?" ही तशीच पुन्हा वर गेली. तेवढ्यात दुसरा स्फोट. कुरडयांवर काजळी बसली ती बसलीच. टाकल्या नाहीत कुणी. झटकल्या आणि तळल्या. "तेलात गेल्यावर कुणाला दिसतंय," हे माईचं वाक्य मूळचं मामीचं बरं का.
तर मुद्दा असा, की लुगडं नेसायला लागून तेव्हा तिला दोनच महिने झाले होते, म्हणून तर ओचा सांभाळता आला नाही. आणि लुगडं तेराव्या वर्षी नेसवलं हे तिनं मला दहादा सांगितलंय. करा आता वजाबाकी.

ताई : १९३१!

मोठे काका : जमतंय. ठाण्यात लग्न होऊन आली १९४९ला, अठराव्या वर्षी असं तीच सांगायची. मी १९५०चा. आधार खरं मानलं तर मी झालो तेव्हा ती सोळाची.

दादा : मग ९४ टाकतो. पण मृत्यूच्या दाखल्यावर ९१ येणार, उगाच गोंधळ नको व्हायला.

आत्या : फलक वाचायला कोण आधार कार्ड घेऊन येतंय? ९४ टाक.

धाकटी काकू : सगळे इथे आहात तर सांगते. काल माईंचं कपाट आवरताना लाल कापडी बांधणीची हिशेबाची वही सापडली. एप्रिल १९५७चं पान आहे. फोटो नीट येत नाही, शाई उडालीय. वर लिहिलंय : "१ आणा ६ न.पै., २ आणे १२, ३ आणे १९, ४ आणे २५." आणि खाली रोजच्या भाजीत "कोथिंबीर ६, मिरच्या ६, आलं ६" अशाच ओळी. सगळीकडे सहा. एकोणीस कुठेच नाही. मला काही उलगडा होईना.

मोठे काका : अगं वहिनी! ते मला विचार, त्या सहा-सहापायी मी मार खाता खाता वाचलोय.
१ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले. रुपयाचे सोळा आणे होते, त्याचे शंभर पैसे झाले. म्हणजे आणा सव्वासहा पैशांचा. सव्वासहाचं नाणं कुठून आणणार? एका आण्याला सहा, दोनला बारा, पण तिनाला एकोणीस अशी रीत पडली. माईच्या ते पहिल्याच दिवशी ध्यानात आलं. तीन आण्यांची भाजी एकदम घेतली तर १९, आणि आण्या-आण्यानं तीनदा घेतली तर १८! मी सात वर्षांचा. मला जांभळी नाक्यावर धाडायची : कोथिंबीर माग, सहा पैसे दे, चार पावलं चाल, परत ये, मिरच्या माग, सहा पैसे दे, पुन्हा चार पावलं. तिसऱ्या फेरीला भाजीवाली कावली. "तुझी माय मारवाड्याच्या पेढीवर बसते का रं?" मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. माईला एवढा आनंद मी तिच्या नातवाच्या बारशालासुद्धा पाहिला नाही.

दादा : तो नातू म्हणजे मी 🙏

ताई : एका पैशासाठी!

मोठे काका : रोजचा एक. महिन्याचे तीस. चार आण्यांची भाजी तशीच घेतली तरी पंचविसाऐवजी चोवीस. ती वही शोध, कुठेतरी बेरीज असणार.

धाकटी काकू : आहे. महिनाअखेरीला कोपऱ्यात "वाचले २७". त्याखाली काही नाही.

आत्या : तीन दिवस पाहुणे आले असतील.

दादा : फ्लेक्सवाल्याचा तिसरा फोन. फोटो कुठला? पटकन.

ताई : गडकरी रंगायतनमधला, मध्यंतरातला. तोच एक हसरा आहे.

आत्या : तोंडात बटाटेवडा आहे त्यात.

ताई : म्हणून तर हसतेय.

मोठे काका : तोच टाक.

दादा : पाठवला. वय ९४, फोटो वड्यासकट. आता तेराव्याचं बोला. अळूचं फदफदं नक्की ना? मी पहाटे जांभळी नाक्यावर जातोय. अळू, आंबट चुका, मिरच्या, कोथिंबीर. अजून काही?

धाकटी काकू : आलं.

मोठे काका : आणि ऐक, एकदम घेऊ नकोस.