हिरडीवरचा निळसर फुगवटा
दीड वर्षाच्या बाळाच्या हिरडीवरचा जांभळट फुगवटा सुईने फोडावा का, असा प्रश्न एका पालकांनी विचारलाय. अजिबात नको! तिथून दात येण्याच्या बेतात असेल तर बहुधा ते दातावर साचलेलं पाणी-रक्त असतं. दात वर आला की आपोआप जातं. किडक्या दाताजवळची पिवळट पुळी म्हणजे मात्र बहुतेक पू, ती दंतवैद्यांना दाखवा.

ताप, लालभडक हिरड्या, जिभेवर-ओठांवर बारीक फोड, सारखी गळणारी लाळ असेल तर हर्पीस या विषाणूचा पहिला संसर्ग असू शकतो. त्यावर अँटिबायोटिक निरुपयोगी (तरी हट्टाने मागणारे पालक असतातच). बाळाने दूध-पाणी सोडलं, लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

हिरड्यांतून उगाच रक्त, अंगावर काळेनिळे डाग आणि चेहरा पांढराफटक असेल, तर लगेच बालरोगतज्ज्ञांकडून सीबीसी (रक्तपेशी मोजायची तपासणी) करून घ्या. क्वचित ल्युकेमियाही (रक्ताचा कर्करोग) असाच उघडकीला येतो.